आत्यासाठी कमानपाटे

वळ गावातल्या आमच्या घराला दोन आवाजांची सवय होती. एक पाठीमागच्या शेडमधल्या लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा. तो सकाळच्या शिफ्टला सुरू व्हायचा आणि मग घरात कोणाला काही सांगायचं झालं तर ते त्या खटखटीवरून सांगावं लागायचं. आम्हा सगळ्यांना मोठ्यानं बोलायची सवय लागली ती तेव्हापासूनची. नोकरीला लागल्यावर ऑफिसातले लोक विचारायचे, एवढं ओरडून का बोलता? दुसरा आवाज चांगुणाआत्याचा. तो मात्र मोठा नव्हता. पडवीत बसून वाल सोलताना ती घशातल्या घशात काहीतरी म्हणत असायची, आणि लूम चालू असले तरी ते ऐकू यायचं. कसं, ते मला आजही सांगता येणार नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली होती, पण थोड्याच वर्षांत परत माहेरी आली. का आली, ते घरात कोणी बोलत नसे आणि आम्हीही विचारत नसू. ती आमच्या भागातली धवलारीण होती. हा शब्द आता आमच्याच मुलांना सांगावा लागतो, म्हणून इथं सांगून ठेवतो. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळद कुटण्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाऊन लग्न पार पाडणारी बाई ती धवलारीण. तिनं गायल्याशिवाय देवांना आवतण जात नाही, अशी आमच्या लोकांची समजूत. त्यामुळे लग्नाची तारीख ठरली की पहिला निरोप आमच्या घरी यायचा.

लग्नाहून परत येताना आत्या नारळ आणायची, सुपानं तांदूळ आणायची, कधी लुगडं मिळायचं. त्या तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी खाऊन मी शाळेत गेलो, आणि पुढं एसटीनं भिवंडीच्या कॉलेजात. शाळेत असताना चड्डीच्या खिशात खोबऱ्याचा तुकडा असायचा, तो इतिहासाच्या तासाला हळूहळू संपवायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या पदवीचं श्रेय कोणी विचारलं तर मी शिक्षकांची नावं घेतो, ती घ्यायलाच हवीत. पण त्या नावांच्या मागं कोणाच्या कोणाच्या लग्नातले ते नारळ आहेत, हे मनातून जात नाही.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची ही गोष्ट. आत्या तोवर लग्नांना बैलगाडीनं जायची. मग आमच्या बाजूला गोडाऊनं येऊ लागली. आज पूर्ण्यापासून वळपर्यंत नुसती पत्र्याची छपरं दिसतात. तेव्हा ती नुकती उठत होती. एका गोडाऊनची भिंत आमच्या जुन्या गाडीवाटेवर आली आणि शेतापलीकडच्या वाडीला जायची वाट बंद झाली. राहिले फक्त बांध. उन्हाळ्यात भाताची खाचरं कोरडी असतात, त्यातून जाता येतं, पण एक खाचर संपलं की बांध, तो उतरला की पुढं दुसरा. बांध फोडायचा तर पावसाळ्यात पाणी थांबणार नाही, म्हणून कोणी फोडू देत नाही. बैलही थकले होते, बाबांनी ते देऊन टाकले. त्यात आत्याच्या कमरेचं दुखणं सुरू झालं.

जीप आली ती सायझिंगवाल्या शेठकडून. सूत लूमवर चढवण्याआधी त्याला खळ लावतात, तो कारखाना म्हणजे सायझिंग. शेठच्या आवारात चिंचेखाली ती कित्येक पावसाळे उभी होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. बाबा शेठच्या म्हशींना पेंढा पुरवायचे. एका हंगामाचा पेंढा तिकडे गेला आणि जीप इकडे आली. आई तिच्याकडं बघून म्हणाली, "बैल दिलं आन् कोंबड्यांचा खुराडा आनला."

"खुराडा नाय, चारी चाकं ओढतान तिची," बाबा म्हणाले.

"पहिली दोन तरी ओढूं देत."

इंजिन चालू झालं, चारी चाकंही ओढू लागली, आणि बाबांनी मोठ्या दिमाखानं आत्याला शेलार गावाच्या बाजूच्या एका लग्नाला न्यायला काढलं. गाडी मी चालवत होतो. तिसऱ्या की चौथ्या बांधावर पुढची चाकं पलीकडं उतरली, मागची अलीकडं राहिली आणि जीपचं पोट बांधाच्या माथ्यावर टेकलं. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. आत्या खाली उतरली, लुगडं वर खोचलं आणि कंबर धरून चालायला लागली. ती पोचली तेव्हा मांडवात हळद कुटून झाली होती. बायका तरी किती वेळ वाट बघणार?

घरी आल्यावर जेवताना ती एवढंच म्हणाली, "माज्याबिगर हळद कुटली." मग थोड्या वेळानं, "वैशाखात यमुनाच्या लेकीचं लगीन हाय. यमुनाचं लगीन मीच लावलंय. तवाच सांगितलेलं, तुला लेक झाली तं तिचं बी मीच लावीन. तिथं जर असंच झालं, तं मंग मी घरी बसलेली बरी. पुन्हा मना कोन बोलवू नका."

यमुना राहायची ती नेमकी बांधापलीकडच्या त्या वाडीत. आई ताटात भाकरी वाढता वाढता थांबली. आमच्या घरात आत्या घरी बसणार म्हणजे काय, हे समजायला कोणाला फोड करून सांगावं लागलं नाही.

भिवंडीत गाड्यांचे कमानपाटे, म्हणजे चाकांवर गाडी तोलून धरणाऱ्या बाकदार पोलादी पट्ट्या, बसवणारी दुकानं पुष्कळ. आम्ही गेलो सलीमभाईंकडे. त्यांचं घराणं मूळचं किनाऱ्याकडचं, पण पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीत. माणूस आडवा, आवाज लूमपेक्षा मोठा, आणि आपण हात लावलेली गाडी कधी खाली बसली नाही हे दिवसातून अनेकदा सांगणारा. जीपखाली डोकं घालून ते बाहेर आले.

"उंच करायची ना? रस्ते तीन. पाटा चेसीला ज्या लोखंडी पट्टीनं टांगतात ते शॅकल लांब करतो, गाडी वर येईल. पण मग स्टेअरिंग पत्ता विचारत फिरेल. दुसरा, मोठे टायर. तिसरा आणि खरा, पाटे वाढवायचे." मग बाबांकडे वळून त्यांनी तो प्रश्न विचारला, जो भिवंडीत प्रत्येक गाडीबद्दल पहिला विचारतात. "बोलो पाटील, माल कितना?"

"भरपूर," बाबा म्हणाले.

आता यात बाबांची चूक म्हणावी तर आमच्या गावातल्या कोणीही हेच उत्तर दिलं असतं. इथं टेम्पो सुताची बाचकी नेतो, कापडाचे तागे नेतो, ट्रक गोडाऊनचा माल नेतो. ज्या गाडीत माल कमी ती गाडी कमी, आणि मालकही. चारचौघांत पाटे बसवायला उभं राहून 'माल काही नाही, घरातली एक बाई बसणार आहे' असं म्हणणारा माणूस आमच्याकडे जन्माला यायचा होता. मीही शेजारी उभा होतो, मलाही ते उत्तर बरोबरच वाटलं.

हे लिहीत असताना अंगणात माझा पुतण्या त्याच्या नव्या गाडीसाठी फोनवर काय काय बघत बसला आहे. त्याला हवं ते सगळं खोक्यात भरून घरी येतं. स्प्रिंगा, शॉकप, रबरं, नट-बोल्टसुद्धा. प्रत्येक खोक्यावर किती इंच उंची वाढणार ते लिहिलेलं. त्यानं मघाशी विचारलं, "काका, दोन इंच घेऊ का चार?" मी म्हटलं, सांगतो, आधी हातातलं पान पुरं करू दे.

सलीमभाईंनी टेम्पोचे जाड पाटे घातले. जीप अशी उंच झाली की आमच्या आळीतली माणसं ती बघायला आली. बांधांवरून ती पोट न टेकता सहज गेली आणि बाबांनी हात हवेत उडवले. मग आत्याला बसवायची वेळ आली. पाय चढेना. बाबांनी आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून वर घेतली.

"पोत्यासारकं चढवू नका रं मना," ती म्हणाली.

पहिल्याच बांधावर मागची सीट तिला घेऊन उडाली. दुसऱ्यावर तिनं समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. मी गाडी अगदी रांगवत होतो, तरी जीप लाकडी बाकासारखी आपटत होती. घराशी आल्यावर ती बराच वेळ आत बसून राहिली, मग हळूच उतरून पडवीत जाऊन आडवी झाली. त्या दिवशी तिनं वाल सोलले नाहीत आणि घशातल्या घशात काही म्हटलंही नाही. लूम तेवढे वाजत होते.

आम्ही तक्रार घेऊन गेलो तर सलीमभाईंना राग आला. "पाटा कडक नाही, गाडी रिकामी आहे. पोती टाका पाटील, फिर देखो, मखमल!" आम्ही रेतीची पोती टाकली. आणि खरंच, मखमल झाली. फक्त वजनानं ती खाली बसली आणि बांधावर पोट पुन्हा टेकलं. बाबा बांधावर उकिडवे बसले आणि इतके हसले की मलाही हसू आलं, पण घरी जायची हिंमत दोघांनाही होईना.

त्या संध्याकाळी मी आत्याला म्हटलं, कॉलेजात प्रयोग असतो, स्प्रिंगला वजनं टांगायची आणि ती किती लांबते ते मोजायचं. जाड स्प्रिंगला हलकं वजन टांगलं तर ती हलतच नाही. आपले पाटे जाड आहेत आणि तू हलकी. पाटा वाकत नाही म्हणून सगळा दणका तुझ्या कमरेत जातो.

"मंग हे त्या सलीमला सांगितलं का?"

"त्यांना ठाऊक असणार. पण गाडीत काय असणार ते त्यांना ठाऊक नाही. बाबांनी भरपूर माल सांगितलाय."

आत्यानं बाबांकडं बघितलं. बाबा तंबाखू शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लुगडं बदलून तयार. माझ्याबरोबर दुकानात आली, स्टुलावर बसली, चहा घेतला आणि सलीमभाईंना म्हणाली, "तू माल इचारलास ना? तो मी हाय. आता बग काय ते."

सलीमभाई पाना हातात धरून उभेच राहिले. "फक्त तुम्ही?"

"मी आन् माजी पितळेची समई."

"या खुदा! अरे पाटील काय म्हणाला होता, आणि मी टेम्पोचे पाटे ठोकले!" ते इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या दुकानातली माणसं डोकावली. मग मी प्रयोगाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर. पण नरम पाटा म्हणजे बसका पाटा. तुला नरम पण हवा, उंच पण हवा. हे दोन्ही एकत्र मागणारं गिऱ्हाईक भिवंडीत अजून आलेलं नाही, मास्तर." तेव्हापासून ते मला मास्तर म्हणायला लागले, आणि मी पुढं बँकेत लागलो तरी मास्तरच म्हणत राहिले.

पुढचे काही दिवस माझा अभ्यास सोडून मी त्यांच्या भट्टीशी होतो. टेम्पोचे पाटे निघाले. जीपचे मूळचे, बारीक पाटे सलीमभाईंनी भट्टीत तापवून, ठोकून त्यांना पुन्हा बाक दिला, कारण वर्षानुवर्षं चिंचेखाली उभं राहून ते सपाट झाले होते. मुख्य पाट्याखाली एक लांब, पातळ पाटा घातला. पाट्यापाट्यांमध्ये ग्रीस भरलं, पाट्यांच्या टोकाला जी गोल भोकं असतात, त्या डोळ्यांतली झिजलेली रबरं बदलली. धक्का गिळणारे शॉकप, तेही जास्त लांबणारे, एका भंगारवाल्याकडे मिळाले. राहिलेली उंची मोठ्या टायरांनी भरून काढायची ठरली. ते घासू नयेत म्हणून मडगार्डची कड मी स्वतः कापली, जरा वाकडी गेली, ती शेवटपर्यंत तशीच होती.

पण नरम किती, हे कळायचं कसं? पाटा एक काढला तर पोट टेकण्याची भीती, ठेवला तर दणका. आत्याला विचारावं तर ती म्हणे, "बरा हाय." चांगला दणका बसला तरी "बरा हाय"च. आमच्या पोरांनी एवढी खटपट केली, त्यांना नाव कसं ठेवायचं, असं तिचं होतं. सलीमभाई वैतागले. शेवटी बांधांवरच्या एका फेरीत पुढच्या सीटवरून मागं वळून ते म्हणाले, "बाई, तुम्ही गाता ना? मग गा. खोटं बोलाल, पण गळा खोटं बोलणार नाही."

आत्यानं मान हलवली. "लगीन नाय, मांडव नाय, धवला कसा गाऊ? त्यात देवांना आवतण असतंय. ते आलं तं त्यांना काय सांगू, सलीमचा पाटा बगाया बोलवलं?"

सलीमभाईंनी कान धरले. "तौबा. दुसरं काही?"

मग तिनं जात्यावरची ओवी धरली. गावात पिठाची गिरणी आल्यापासून आमच्या घरातलं जातं कोपऱ्यात उभं केलेलं होतं. मी लहान असताना तिच्या आणि आईच्या मध्ये, पिठाच्या भुरक्यात, मांडीवर डोकं ठेवून जे ऐकत झोपायचो ते हे. मला वाटलं होतं मी ते विसरलो. स्टेअरिंग धरलेलं असताना पुढचं खाचर एकदम पुसट दिसायला लागलं, म्हणून मी क्लच दाबून क्षणभर थांबलो. सलीमभाईंना वाटलं गाडी बंद पडली.

मग आम्ही बांधामागून बांध चढत-उतरत राहिलो. सलीमभाई डोळे मिटून, एक हात डॅशबोर्डवर ठेवून ऐकायचे. "थांब. इथं तुटला. पुढची चाकं उतरली तेव्हा." उतरायचे, पुढच्या पाट्याचे यू-बोल्ट सैल करायचे, काहीतरी काढायचे, परत आवळायचे. "चल." पुन्हा तोच बांध, पुन्हा ओवी. "आता पुढचा बरा. मागच्या चाकांना आवाज हलला." असं ऊन उतरेपर्यंत चाललं. शेतात शेण गोळा करणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून बांधावर बसल्या होत्या. त्यातली एक ओरडली, "चांगुणाबाय, दळन कवाचं चाललंय, पीठ कुठं हाय गो?"

"पीठ ह्यांच्या डोक्यात!" आत्या गाडीतून ओरडली, आणि त्या ओरडण्यावर एक बांध गेला, तो कोणाला कळलाच नाही. सलीमभाईंनी डोळे उघडले. "हाच," ते म्हणाले. "आता कोणी हात लावायचा नाही."

राहिली पायरी. बाबांनी मोडीत निघालेल्या लूमचं लोखंड आणलं, वेल्डिंगवाल्याकडून ते जोडून घ्यायचं ठरलं. किती खाली घ्यायची यावरून बाबांचं आणि सलीमभाईंचं जुंपलं. खाली घेतली तर बांधाला लागणार, वर घेतली तर आत्याचा पाय पोचणार नाही. आत्या उठली, घराच्या उंबरठ्यापाशी गेली आणि नेहमीसारखी तो ओलांडून बाहेर आली. "एवढा तं मी रोज चढतंय," ती म्हणाली. उंबरठ्याच्या उंचीच्या दोन पायऱ्या झाल्या, खालची बिजागरीवर दुमडणारी. आत्या बसली की मी ती पायानं वर उचलायचो.

वैशाखात यमुनाच्या लेकीची हळद होती. आईनं सकाळी वालाचं बिरडं आणि भाकऱ्या बांधून दिल्या, लग्नघरी कधी जेवायला बसतील नेम नाही म्हणून. आत्या हिरवं लुगडं नेसली, मांडीवर समई घेतली आणि आपण होऊन दोन पायऱ्या चढून बसली. कोणी हात दिला नाही. तिनं बघितलंही नाही कोण देतंय का. सलीमभाई पुढं बसले होते, त्यांना वाडीकडून खास बोलावणं होतं. बाबा आत्याशेजारी.

गोडाऊनच्या भिंतीला वळसा घालून मी गाडी खाचरात उतरवली. पहिला बांध गेला, दुसरा गेला. ज्या उंचीच्या बांधावर मागं पोट टेकलं होतं तसाच एक आला आणि मी गाडी पहिल्या गिअरवर घेतली. जीप झोपाळ्यासारखी वर गेली, खाली आली. वाडीची चिंच दिसू लागली, मांडवाचे आंब्याचे टहाळे दिसले, तसा मागून आत्याचा आवाज आला. या वेळी ओवी नव्हती. ती देवांना आवतण देत होती. समोर मांडव होता, लगीन होतं, आता तिला कशाचीच अडचण नव्हती. शेवटचे बांध एकामागून एक गेले आणि तो आवाज सरळ रेघेसारखा चालत राहिला. सलीमभाई बसल्या जागी मागं वळले नाहीत, फक्त त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

मांडवातून माणसं बाहेर आली. पुढं यमुना होती, हातात मुसळ तसंच. हळद अजून कुटायची होती. ती धावत आली आणि आत्याच्या पायांशी वाकायला गेली, तेवढ्यात मी घाईनं पायरी खाली पाडली. आत्या उतरली, गाणं न थांबवता, आणि यमुनाच्या हातचं मुसळ धरून तिच्याबरोबर मांडवात शिरली.

आम्ही गाडीशी उभे होतो. वाडीतले बाप्ये जीपभोवती जमले, कोणी टायरला बोट लावलं, कोणी वाकून पाटे बघितले. एका म्हाताऱ्यानं सलीमभाईंना ओळखलं आणि भिवंडीत विचारतात तेच विचारलं, "भाई, किती माल उचलते वं ही?"

सलीमभाईंनी मांडवाकडं बघितलं. मुसळांचा आवाज सुरू झाला होता आणि त्याच्यावर आत्याचा.

"एक बाई," ते म्हणाले. त्यांनी आजवर कुठल्याही गाडीचा सांगितलेला हा सगळ्यात कमी माल असेल, पण सांगताना छाती मात्र नेहमीसारखीच पुढं आलेली होती.